नाकतोड्याचे नाक कोठे?
(चिखलदरा येथील प्रौढ वर्गातील भाषण)

मंडळी, परतवाड्याहून पायी घाट चढून आलेला माणूस पाहा. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलते. नाकातून हवा फुप्फुसात जाते. तेथून रक्त हवेतला प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. हे आपले झाले. आता किड्याचे बघू.

मी शाळेत असताना एका पोराने नाकतोडा धरला आणि त्याचे डोके पाण्यात बुडवून ठेवले. बराच वेळ झाला तरी नाकतोडा जिवंत! मग पोराने त्याला उलटा धरला. डोके वर, पोट पाण्यात. आता मात्र तो गुदमरू लागला. पोरगा म्हणाला, “गुरुजी, याचं नाक पोटात हाय!”

पोरगा अगदी चुकला नव्हता. नावातच नाक असलेल्या या प्राण्याला आपल्यासारखे नाक नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके असतात, एकेका बाजूला दहा. भोकांतून आत नळ्या जातात. झाडाच्या मुळ्यांना जसे फाटे फुटतात, तसे त्यांना फाटे फुटतात आणि हवा थेट अंगाच्या कणाकणापर्यंत पोचते. वापरलेली हवा त्याच वाटेने बाहेर येते. हवा वाहण्याचे काम रक्ताकडे नाही, म्हणून बहुतेक किड्यांचे रक्त लाल नसते. मग डास चिरडल्यावर तांबडे दिसते ते काय? ते आपलेच!

हवा मात्र किड्यालाही लागतेच. पूर्वी जवारी जमिनीतल्या पेवात भरून तोंड पक्के बंद करीत. आतला प्राणवायू संपला की किडे मरत. त्या हवेत माणूसही जगत नाही. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसे गुदमरून मेली आहेत.

आता डासांकडे येऊ. आपल्या मेळघाटात पूर्वी पावसाळा आला की घराघरात हिवताप असे. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस पाहिले. डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास पाण्याबाहेरचा घेते. तिची भोके शेपटीकडे. साध्या डासाची अळी शेपटीची नळी वर लावून उलटी लटकते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पाठीवर आडवी पडते.

म्हणून डबक्यावर थोडे तेल टाकले की त्याचा पापुद्रा पसरतो, भोके बंद होतात आणि अळ्या मरतात. हे फक्त सांडपाण्याच्या डबक्यात करायचे. प्यायच्या पाण्यात किंवा ढोरं पितात तिथे तेल टाकू नका, बाप्पा! तिथे दुसरा उपाय. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात, म्हणजे आठवड्यातून एकदा, रांजण-पिंप रिकामे करा, आतून घासा, कोरडे करा, मग भरून फडके बांधा. बाजाराचा दिवस धरला म्हणजे विसरायला होत नाही.

एक बाई मघाशी विचारत होत्या, “अळ्या दिसतात तरी कशा?” वर्गाबाहेर पिंप आहे, तिकडेच चला. पिंपावर टिचकी मारा. अळ्या वळवळत तळाशी जातील. मग गप उभे राहा आणि मनात आकडे मोजा. हवा घ्यायला त्या किती आकड्यांनी वर येतात, ते आपण बघू.