रत्नागिरी : पाखाड्यांचे गाव
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



गेल्या सभेत आपल्यापैकीच एका सभासदांनी नागासाकी या जपानी बंदरातील पायी फेरीचे रसाळ वर्णन केले. समुद्रकाठापासून एकदम उठलेल्या टेकड्या, पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली घरे, १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षे डच व्यापाऱ्यांना ज्याच्या हद्दीत कोंडून ठेवले ते चिमुकले देजिमा बेट. खरे सांगायचे तर ते ऐकताना आमचे चित्त नागासाकीत नव्हते; ते रत्नागिरीत होते. म्हणून चिटणीसांनी विषय विचारताच आम्ही हेच नाव सांगितले.

आमची ती फेरी हौसेची नव्हती. वडिलोपार्जित घरातील आमचा हिस्सा विकण्याच्या कागदांवर सही करावयास आम्ही गेलो होतो. केंद्र सरकारच्या चाकरीत सारा जन्म सरकारी वसाहतींत गेला. आपले म्हणावे असे घर ते एवढेच. चुलतबंधूंनी सायंकाळची वेळ दिली होती. सोबत कन्या होती, मल्लेश्वरमात वाढलेली, भाजीवालीशी आमच्याहून सफाईने कन्नड बोलणारी. तिने रिक्षा नाकारली. म्हणाली, "बाबा, चालतच पाहू."

आरंभ रत्नदुर्गापासून केला. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ, पलीकडच्या टेकाडावर दीपगृह. एका अंगास पांढऱ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगास मांडवीची काळी वाळू. मांडवीला उतरल्यावर आम्ही तिला बोटीची हकीकत सांगितली. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही, आणि आमचे वडील ट्रंक सांभाळीत पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात तीही वाट बंद. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरापर्यंत सलग धावू लागली. त्यांना ती पाहावयास मिळाली नाही.

पुढे चढ. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, दोहो बाजूंना शेवाळलेले गडगे, वर फणसाची सावली. रत्नागिरीचा माणूस चढावर दम लागला तर पाय थांबवतो, बोलणे थांबवीत नाही. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पाहिले. पुढे १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर पाहिले. यांविषयी आपण सर्व जाणताच.

मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडले, थिबाला मंडालेहून इकडे. राजांची ही अदलाबदल करणाऱ्या साहेबाच्या हिशेबीपणाचे नवल वाटते. हा प्रशस्त वाडा १९१० साली त्याच्यासाठी तयार झाला. भाट्याची खाडी, त्यापलीकडे समुद्र. राजा तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसे, असे सांगतात. १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली. राजा मात्र शिवाजीनगरातील थडग्यात राहिला. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले.

थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र रत्नागिरीत वाढली. मराठी बोलली, गरिबीत का होईना, येथेच संसार केला. आम्ही हे सांगत असता कन्येने विचारले, "मग ती ब्रह्मदेशची की रत्नागिरीची?"

"रत्नागिरीची," आम्ही चटकन म्हणालो. उत्तर तोंडातून गेले आणि मग ध्यानात आले की प्रश्न टूटूपुरता नव्हता. इतकी वर्षे आम्ही सणावारी पोरांना 'आपले घर कोकणात' असे बजावीत आलो. ते कधी त्यांना विचारून बजावले नव्हते. खाडीवर ऊन उतरत होते. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

सायंकाळी ओटीवर चुलतबंधूंनी कागद मांडले, चष्मा पुढे केला. हात थोडा अडखळला, हे लपवीत नाही. सही केली. वहिनींनी सोलकढी दिली. परसातल्या विहिरीचे पाणी कन्येने मागून घेतले.

रात्री ती दूरध्वनीवर आईला सांगत होती, अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये, की घराकडच्या पाखाडीला बासष्ट पायऱ्या आहेत. आमच्या लहानपणच्या हिशेबाने त्या चौसष्ट. वाद मिटला नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा जाऊन मोजावयाचे ठरले आहे. उतरावयाचे मात्र आता लॉजवर.