वरच्या अंगाचा शेजारी



1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी ज्या तंजावरात मराठी राज्य स्थापिले, त्याच्या परिसरातील गावांत सायबर सुरक्षेचा विषय काढणे कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु लहान राज्याच्या जिवावर बेतणारे ठिकाण पुष्कळदा त्याच्या सरहद्दीपलीकडे, शेजाऱ्याच्या अमलात असते, हे या मुलखाइतके फार थोड्यांनी भोगले असेल.

तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस कल्लणैपाशी कावेरी आणि कोल्लिडम यांची पात्रे अगदी निकट येतात, आणि कोल्लिडमचे पात्र सखल असल्यामुळे मधला बांध फुटला की तंजावरच्या कालव्यांचे पाणी तिकडे वाहून जाते. 1754 मध्ये म्हैसूरकर आणि फ्रेंच यांच्या फौजेने कोविलडीनजीक नेमका हाच बांध फोडला. पुढे तिरुचिरापल्ली अर्काटचा नवाब मुहम्मद अली याच्या अमलाखाली असता त्याने याहून सोपी तोड काढली: 1764 च्या सुमारास त्याने बांधाच्या मरामतीसच हरकत घेतली आणि तंजावरकरांना मद्रासच्या कंपनी सरकारचे दार ठोठवावे लागले. फोडणाऱ्याचा निदान बोभाटा तरी होतो. अडवणूक करणारा मात्र हक्काची भाषा बोलतो.

जेमतेम तेरा लाख वस्तीच्या एस्टोनियावर 2007 च्या वसंतात, सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलविण्यावरून रशियाशी वितुष्ट आले असता, असाच प्रसंग ओढवला. सरकारी खाती, बँका, वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर खोट्या विनंत्यांचा लोंढा कोसळला. आणि तो देशाच्या वेशीवर आवरेना, म्हणून परदेशांतील जाळेचालकांना विनवून वरच्या अंगालाच अडवावा लागला. त्यातून त्या राज्याने जे केले ते मनन करण्याजोगे आहे. एरवी बँकांत आणि कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तंत्रज्ञांचे स्वयंसेवक पथक त्याने संरक्षण दलाला जोडले. पाणी सुटण्यापूर्वी गावच्या गाव फावडी घेऊन कालव्यातील गाळ काढण्यास उतरे, त्या येथील कुडिमरामत्तु प्रथेची ओळख असलेल्यांना यात नवल वाटू नये. मग 2017 मध्ये लक्झेंबर्गशी करार करून त्याने आपल्या महत्त्वाच्या दप्तराच्या प्रती तेथे ठेवण्याची तजवीज केली, व त्या जागेत यजमान सरकारच्या अंमलदारानेही परवानगीवाचून पाऊल टाकू नये, असे लिहून घेतले.

हे कलम मला साऱ्या यंत्रसामग्रीहून मोलाचे वाटते. कारण बांधाच्या तंट्यात ज्या कंपनीने तंजावरची बाजू उचलली, तिच्याच पलटणींनी 1773 मध्ये नवाबासाठी तंजावरचा किल्ला घेऊन तुळजाजीराजांस कैद केले. 1776 मध्ये गादी परत मिळाली ती लंडनच्या डायरेक्टरांच्या हुकुमावरून, आणि तीही किल्ल्यात कंपनीची शिबंदी ठेवून घेऊन तिचा खर्च सोसण्याच्या बोलीवर.