पाठवणं हाही दिग्दर्शनाचाच भाग

आष्टी-पाटोद्यापासून परळी-धारूरपर्यंतच्या गावांतून आज अंबाजोगाईत आलेल्या चित्रपटकर्मी मित्रमैत्रिणींनो,

मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या या गावात संमेलनाध्यक्ष म्हणून बोलायला मिळणं हा मोठा मान आहे. तो तुम्ही मला दिलात, याबद्दल मनापासून आभार मानते आणि लगेच कामाच्या गोष्टीला हात घालते.

ऑक्टोबर २०२० मध्ये बीड जिल्हा दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात पडद्यावर होता. अनंत महादेवन यांचा ‘बिटरस्वीट’ हा मराठी चित्रपट तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात किम जिसोक पुरस्काराच्या स्पर्धेत होता. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परदेशी पाहुण्यांना बोलावलं नव्हतं आणि प्रत्येक चित्रपटाचा एकच खेळ झाला. विषय आपल्याच ऊसतोड बायकांचा होता. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून ऐन तरुणपणी गर्भाशय काढून घेतलेल्या बायकांचा. २०१९ साली वर्तमानपत्रांनी हा विषय उजेडात आणला, शासनाने समिती नेमली आणि आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. या बायकांची गोष्ट मुंबईच्या मंडळींनी आस्थेने बुसानपर्यंत नेली, याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण आता ती नेणारे हात इथलेच असावेत, असं मला फार वाटतं. कॅमेरा आता गावोगाव पोचला आहे. फडात वाढलेली, साखरशाळेत शिकलेली मुलं लघुपट करत आहेत. मग ते बाहेर का पोचत नाहीत?

महोत्सवांच्या प्राथमिक निवडीसाठी मी बरीच वर्षं चित्रपट पाहते आहे. मराठवाड्यातून आलेले चित्रपट मी नेहमी जास्त आशेने उघडते. त्यांतले कितीतरी आशयात कमी पडत नाहीत, पाठवण्यात कमी पडतात. चित्रपट पूर्ण झाला की दिग्दर्शकाचं काम संपलं आणि पुढचं फॉर्म भरणाऱ्या मित्राचं, अशी आपली समजूत झाली आहे. माझं म्हणणं असं की चित्रपट कुठे, कधी, कुठल्या रूपात आणि कोणाच्या परवानगीने पाठवायचा, हे ठरवणं दिग्दर्शनातच मोडतं.

‘कधी’पासून सुरुवात करते, कारण बीडच्या माणसाला ही अडचण सगळ्यात जास्त येते. आपली ऊसतोड टोळी दसरा-दिवाळीनंतर निघते, मार्च-एप्रिलला परतते. फडातलं चित्रण करायचं तर ते याच महिन्यांत. इकडे व्हेनिस आणि टोरांटोच्या प्रवेशिका उन्हाळ्यात बंद होतात. म्हणजे चित्रण संपवून आल्याआल्या, संकलन अर्धवट असताना, पार्श्वध्वनीचं काम हाती घेतलेलं नसताना, घाईघाईने कच्ची प्रत पाठवली जाते. ‘पुढे सुधारू’ असं फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं. पाहणारा मात्र समोर जे आहे तेच पाहतो, आणि एकदा नाकारलेला चित्रपट बहुतेक महोत्सव पुन्हा घेत नाहीत. तेव्हा उन्हाळा संकलनाला द्या, पावसाळा ध्वनीला द्या. जानेवारी-फेब्रुवारीत होणाऱ्या सन्डान्स, रॉटरडॅम, बर्लिन या महोत्सवांची दारं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत एकेक करून बंद होतात. आपल्या हंगामाशी जुळणारं वेळापत्रक हे आहे. आणि त्यातही जमलं नाही तर एक वर्ष थांबा. चित्रपट नासत नाही.

थांबण्याचा दुसरा फायदा पहिल्या प्रदर्शनाशी जोडलेला आहे. मोठे महोत्सव चित्रपटाचा पहिलावहिला खेळ आपल्याकडे व्हावा अशी अट घालतात. व्हेनिसच्या स्पर्धेत तर जगातलं पहिलं प्रदर्शनच लागतं. ही पुंजी एकदाच खर्च करता येते. मी पाहिलंय, मुलं ती कुठेही उधळतात. कौतुकाच्या भरात लघुपट यूट्यूबवर चढवतात, एखाद्या अनोळखी ऑनलाइन महोत्सवात दाखवतात आणि वर्षभराने बर्लिनचा फॉर्म भरायला बसतात. तोवर तो दरवाजा बहुधा बंद झालेला असतो. गावात चार माणसांना बोलावून संगणकावर दाखवायला कोणाची हरकत नाही. जाहीर, तिकीट लावून किंवा इंटरनेटवर मात्र दाखवू नका.

अनोळखी महोत्सवांबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. ‘फिल्मफ्रीवे’ हे संकेतस्थळ आल्यापासून घरबसल्या हजारो महोत्सवांना चित्रपट पाठवता येतो. त्याने दारं उघडली, हे खरं. पण त्याच यादीत दर महिन्याला पुरस्कार वाटणारे, सभागृह नसलेले, प्रेक्षक नसलेले महोत्सवही बसले आहेत. ते शुल्क घेतात आणि पोस्टरवर छापायला पानांची नक्षी देतात. ट्रॅक्टरचा हप्ता थकवून भरलेले हे डॉलर असतात, आणि पोरगं त्या नक्ष्यांनी पोस्टर भरून टाकतं. निवड समितीवर त्याचा उलटाच परिणाम होतो, कारण त्यांना ही नावं पाठ असतात. शुल्क भरण्याआधी एवढंच बघा: मागच्या वर्षी तिथे कोणते चित्रपट दाखवले, कुठल्या चित्रपटगृहात आणि परीक्षक कोण होते. उत्तर सापडलं नाही तर पैसे भरू नका. चांगल्या महोत्सवांतले काही शुल्क घेतच नाहीत, काही नम्र पत्र लिहिलं तर सवलत देतात. मागायला लाजू नका.

तसंच ‘कान’चं. कान महोत्सवाला लागूनच चित्रपटांचा बाजार भरतो. तिथे पडदा भाड्याने घेऊन कोणालाही चित्रपट दाखवता येतो. आपलं राज्य शासनही २०१६ पासून मराठी चित्रपट त्या बाजारात नेतं. उपक्रम चांगला आहे, तिथे वितरक भेटतात. पण तो बाजार आहे, अधिकृत निवड नव्हे. गावात सत्कार घेताना हा फरक सांगणं हे आपल्याच पुढच्या पिढीचं देणं आहे, नाहीतर खरी निवड झालेल्या पोराच्या वाट्याला काय उरणार?

खरी निवड अशक्य आहे असं मात्र कोणी म्हणू नये. १९३७ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसमध्ये गौरवला गेला. त्याच व्हेनिसमध्ये २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने होरायझन्स विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवला. ही नावं शहरातली वाटत असतील तर राजुरा तालुक्यातल्या डोंगरगावाकडे बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तिथे, पडद्यावर कधी न आलेली माणसं घेऊन, मुली पाहण्याच्या कार्यक्रमावर ‘स्थळ’ केला. २०२३ मध्ये टोरांटोत त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. आणि २०२५ च्या सन्डान्समध्ये रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. त्या वर्षी तिथे १५,७७५ प्रवेशिका आल्या होत्या, त्यांत ४,१३८ पूर्ण लांबीचे चित्रपट. निवडले गेले नव्वदच्या आत. त्यांतून खेड्यातल्या दहा दिवसांच्या दुखवट्यात घडणाऱ्या या मराठी चित्रपटाने जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार घेतला. मला यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं ते सांगते. कानवडे यांचा चित्रपट पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, पटकथेच्या पातळीवर, व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज कार्यशाळेतून गेला होता. चित्रपट तयार होण्याआधीच त्याची ओळख करून देता येते. एनएफडीसीचा फिल्म बाजार २००७ पासून गोव्यात भरतो. तिथे अपूर्ण चित्रपटही दाखवता येतात. गोवा आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

विभागाची निवड हाही विचार करण्याचा विषय आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ मध्ये बर्लिनच्या जनरेशन विभागात, खुद्द मुलांच्या परीक्षक मंडळाने स्फटिक अस्वल दिलं. आई-बाप कारखान्याला गेल्यावर आजीजवळ राहणाऱ्या, हंगामी वसतिगृहात झोपणाऱ्या पोरांवर आपल्याकडे इतके लघुपट होतात आणि ते सगळे थेट मुख्य स्पर्धेला पाठवले जातात. त्यांची खरी जागा मुलांच्या विभागात आहे, आणि ती जागा जराही कमी प्रतीची नाही.

आता थोडं कारागिरीचं. चित्र धूसर असलं तर मी माफ करते, आवाज फाटका असला तर फार वेळ बसवत नाही. निवड समितीतले बहुतेक जण असेच असतात. लग्नाच्या वरातीत डीजेवर गाजलेलं गाणं वाजतंय, असा प्रसंग चित्रित केलात तर त्या गाण्याचे हक्क घ्यावे लागतील. नाहीतर निवड होऊनही चित्रपट अडकतो. त्याऐवजी गावातल्या बँडकडून नवी चाल वाजवून घ्या. उपशीर्षकं संकलन पक्कं झाल्यावरच करा, आणि मराठी अजिबात न कळणाऱ्या माणसाकडून ती एकदा वाचून घ्या. भारतातल्या महोत्सवात सेन्सॉरविना दाखवायचा तर केंद्राची सूट लागते. ती बहुधा आयोजक मिळवतात, पण कागद आपल्याला द्यावे लागतात.

आणि दिग्दर्शकाचं मनोगत. ‘भारतातल्या एका अतिमागास, दुष्काळी जिल्ह्यातली ही हृदयद्रावक कहाणी’ अशी सुरुवात मी वारंवार वाचते आणि दर वेळी मला वाईट वाटतं. स्वतःचा जिल्हा असा मांडून विकू नका. पाहणाऱ्याला तुमच्या गरिबीचं वजन करायचं नसतं. मध्यरात्री गाडी भरायला उठवलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा तिचा पाय नेमका कुठे पडतो, हे तुम्ही पाहिलं आहे, मी पाहिलेलं नाही. ते लिहा.

याच बाईपाशी मला थोडं थांबायचं आहे. तुमच्या माहितीपटात ती आपल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलली, तेव्हा तिने कोपीत बसलेल्या ओळखीच्या पोराला सांगितलं होतं. महोत्सवात गेल्यावर तेच बोलणं अनोळखी सभागृहात, पुढे इंटरनेटवर, कदाचित तिच्या मुकादमाच्या फोनवरही पोचणार. तिने कागदावर अंगठा दिला एवढ्यावर भागत नाही. चित्रपट पाठवण्याआधी तिला पूर्ण चित्रपट दाखवा, ती एकटी असताना पुन्हा विचारा आणि तिने नको म्हटलं तर तो भाग काढा. चित्रपट त्याने दुबळा झाला तरी काढा. तिच्या उचलीचा, आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब अजून मुकादमाकडे बाकी आहे, हे आपण विसरता कामा नये.

शेवटी या संमेलनाकडे माझी मागणी आहे. २००४ साली ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा महाराष्ट्राने वर्गणी काढली होती, शाळकरी मुलांनीसुद्धा पैसे दिले होते. आपण त्याहून खूप लहान वर्गणी काढू: दर वर्षी जिल्ह्यातले दोन-तीन चित्रपट निवडून त्यांचं प्रवेश शुल्क, उपशीर्षकं आणि डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) यांचा खर्च उचलण्यापुरती. निवड आपणच, एकमेकांचे चित्रपट स्पष्ट बोलून करू. अंबाजोगाईतल्या एखाद्या महाविद्यालयाने त्यासाठी एक खोली आणि चांगला ध्वनिसंच द्यावा. चित्रपट परदेशी दाखवून झाला की टोळ्या परतल्यावर, पाडव्यानंतर, ज्यांच्यावर तो केला त्यांच्या गावात त्याचा खेळ लावायचा, ही अट त्या निधीच्या कागदात पहिल्या ओळीत असावी. माझी वर्गणी मी आज स्वागताध्यक्षांकडे देत आहे.