आभासी परिषदा : खर्च कोणाचा, अनुदान कशाला?



चेन्नईहून अंदमानला जहाजाने जावयाचे तर सुमारे तीन दिवस लागतात. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था १९९३ पासून चेन्नईत आहे. पुदुच्चेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग मात्र पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, येथे आहे. एकाच समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांनी परिषदेत एकत्र बसावयाचे तर विमानाचे तिकीट, निवास आणि रजा या तिन्हींची तजवीज करावी लागते. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई-अंदमान सागरी केबलचे उद्घाटन झाले. सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या या केबलला सुमारे १,२२४ कोटी रुपये लागले आणि ते सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून देण्यात आले. त्यापूर्वी बेटांचा संपर्क मुख्यत्वे उपग्रहावर अवलंबून होता. तो महाग आणि अपुराही होता.

आभासी परिषद फुकट होते, ही समजूत येथेच तपासून घ्यावयास हवी. तिचा मोठा खर्च समाजाने आधीच केलेला असतो. उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना वेगवान जाळ्याने जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, ती याच हिशेबातली.

उरतो तो आयोजकांचा खर्च. सभागृह, भोजन, निवास या बाबी गळतात. त्यांच्या जागी मंचाचा परवाना, तांत्रिक कर्मचारी, ध्वनिचित्रमुद्रण, उपशीर्षके येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बहुतांशी स्थिर खर्च होय. श्रोते दोनशे असोत वा दोन हजार, तो फारसा बदलत नाही. आणखी एका श्रोत्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. असे असताना शुल्क मात्र माणशी आकारले जाते, तेही अनेकदा डॉलरमध्ये.

यंत्र-अध्ययनावरील आयसीएलआर ही परिषद एप्रिल २०२० मध्ये अदिस अबाबा येथे भरावयाची होती. महामारीमुळे ती आभासी झाली, तेव्हा विद्यार्थ्यांना ५० व इतरांना १०० डॉलर शुल्क होते. शंभर डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे साडेसात हजार रुपये. अमेरिकेतील प्राध्यापकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. तमिळनाडूच्या एखाद्या जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाला ती तशी वाटणार नाही. याउलट, जुलै २०२२ मधील आंतरराष्ट्रीय गणित परिषद सेंट पीटर्सबर्गऐवजी आभासी पद्धतीने झाली आणि तिला प्रवेश विनामूल्य होता. गणिताची परंपरा असलेल्या चेन्नईसारख्या शहरात तर, तारामणीच्या गणितीय विज्ञान संस्थेपासून (स्थापना १९६२) साध्या महाविद्यालयापर्यंत, कोणालाही ती व्याख्याने सारख्याच अधिकाराने ऐकता आली.

मग अनुदान कोणाला द्यावे? विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजनेत विमानभाडे, व्हिसा व नोंदणी शुल्क यांचा समावेश असे. नावाप्रमाणेच तिच्या केंद्रस्थानी प्रवास होता. प्रवासच उरला नाही, की अशा योजनेचा पायाच हलतो. खर्च स्थिर असेल तर पैसा आयोजकाला एकरकमी देणे आणि त्या बदल्यात प्रवेश सर्वांना मोफत ठेवण्याची अट घालणे, हेच अधिक सयुक्तिक. हे मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ चा. नव्या संस्थेला जुन्या चौकटीत अडकून राहण्याचे कारण नाही.

अर्थात, काही खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत. परगावी गेलेल्या अध्यापकाला कर्तव्य-रजा मिळते. घरून परिषद ऐकणाऱ्याला त्याच दिवशी तासही घ्यावे लागतात. न्यूयॉर्कला दुपारचे तीन वाजतात तेव्हा चेन्नईत मध्यरात्र उलटलेली असते. आणि चहाच्या वेळी होणारी ती ओळख, जिच्यातून पुढे संयुक्त प्रकल्प उभा राहतो, ती पडद्यावर क्वचितच होते. म्हणून प्रवास अनुदान सरसकट बंद करणे चुकीचे ठरेल. ज्याने अजून एकही परिषद प्रत्यक्ष पाहिलेली नाही, अशा तरुण संशोधकासाठी ते राखून ठेवता येईल. ज्येष्ठांनी पडद्यावर यावे.