खांबाची भेग

फाल्गुन-चैत्राचे ऊन तापू लागले, की परसातल्या गोठ्याच्या खांबांना भेगा दिसू लागतात. एखादीत करंगळी सहज जाते. मग घरधनी धास्तावतो. कोणी सिमेंट लिंपतो, कोणी बाभळीचा चांगला खांब काढून सरपणात टाकतो. तेव्हा कोणत्या भेगेला भ्यावे आणि कोणत्या भेगेला भिऊ नये, हे आज पाहू या.

मुळात भेग पडते कशाने? ताज्या लाकडात पाणी भरपूर असते. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, म्हणजे लाकूड आकसू लागते. पण ते सगळीकडून सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडे, आणि घेराच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. सागासारखे गुणी लाकूडसुद्धा पूर्ण सुकेपर्यंत पहिल्या दिशेने सुमारे अडीच टक्के, तर घेरात पाच टक्क्यांहून अधिक आकसते. घेर आवळतो, आतला गाभा तेवढा आवळत नाही. मग तंग बंडी शिवणीत उसवावी तसे लाकूड उसवते.

ही भेग उभी असते आणि गाभ्याशी थांबते. उसाची मोळी उभी करून तिच्यात हात घातला, तर एकही ऊस मोडत नाही. तशीच ही भेग तंतूंमधून वाट काढते, तंतू तोडत नाही. छपराचा भार तंतूच पेलतात. म्हणून अशा भेगेने खांब सहसा दुबळा होत नाही. तीत सिमेंट मात्र भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगते, सिमेंट दबत नाही, आणि मागे पाणी कोंडून राहते.

भ्यायचे ते आडव्या भेगेला, कारण तिथे तंतूच तुटलेले असतात. तिरपी होऊन खांबाच्या कडेबाहेर निघणारी, आरपार जाऊन खांबाचे दोन भाग करणारी, किंवा तुळई बसते तिथल्या खाचेत पडलेली भेगही धोक्याची. अशा खांबाला आधी धिरा द्या, मग सुताराला बोलवा.

आणि याहून मोठा शत्रू भेगेत नसतोच. तो पायाशी असतो. जमिनीलगत हवा आणि ओल दोन्ही मिळतात, म्हणून बुरशी आणि वाळवी तिथेच लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णेकाठच्या गोठ्यांत पाणी शिरले. असे भिजलेले खांब वरून धडधाकट दिसतात. पावसाळा सरला, की बुडाशी दाभण टोचून पाहा. ते लोण्यात शिरावे तसे शिरले, किंवा हातोडी मारल्यावर बद्द आवाज आला, तर तो खांब बदलायचा. त्याच्याखाली आपली माणसे आणि जनावरे असतात.

आपल्या जुन्या वाड्यांतला खांब मातीत पुरलेला नसे. तो दगडी तळखड्यावर उभा असे. गोठ्यालाही तेच करा. खांबाचे बूड जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि लोखंडी गजाने दगडात अडकवा. लाकूड तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना डांबर लावून ते सावलीत, हवेशीर रचा. पाणी टोकांतून फार झपाट्याने उडते आणि तडे तिथूनच सुरू होतात. निलगिरी तर विशेष फाटते. उघड्या माथ्यावर पत्र्याची टोपी घाला.

शिक्षकबंधू आणि भगिनींनी शाळेत एक साधा प्रयोग करून पाहावा. ओल्या फांदीची बोटभर जाड चकती कापून खिडकीत ठेवा. काही दिवसांत तिला कडेकडून गाभ्याकडे निमुळती होत जाणारी भेग पडेल. मुलांना ती रोज मोजू द्या. मग घरी गेल्यावर तीच मुले वडिलांना सांगतील, "आबा, भेग राहू द्या, आधी खांबाचं बूड बघा!"