चार भाऊ आणि एक भाई



या स्मृती-व्याख्यानासाठी आपण मला जसोंडीस पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. युद्धात गेलेल्या भावांचे स्मरण घराने कसे ठेवावे, हा आजचा विषय. उदाहरण शिंदे घराण्याचे घेतो. कारण आपल्या बऱ्हाणपुरावर याच घराण्याचा अंमल दीर्घकाळ होता.

राणोजी शिंद्यांच्या पाच पुत्रांपैकी जोतिबा ओरछ्याकडे मारले गेले. 1755 मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दग्याने खून झाला. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पुढच्याच महिन्यात उदगीरच्या विजयाने बऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांकडे आले. मुलूख वाढत होता आणि शिंद्यांचा वाडा ओस पडत होता. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर तुकोजी गेले. जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजीही कैद होऊन मारले गेले. उरले एकटे महादजी, तेही पायाने जन्माचे अधू होऊन.

या घराने स्मरण कसे केले? 1772 मध्ये मराठी फौजांनी पथरगड घेतला आणि पानिपतास कारण झालेल्या नजीबखानाची कबर उद्ध्वस्त केली. त्या संतापाचे मूळ आपण जाणतो. परंतु मेलेल्याची कबर फोडून एकही भाऊ परत आला नाही.

मला मोलाचे वाटते ते निराळेच. जखमी महादजींना राणेखान नावाच्या भिस्त्याने पानिपताहून सुखरूप आणले, असे परंपरा सांगते. महादजींनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. तो राणेखानभाई म्हणूनच ओळखला गेला. 1788 मध्ये नजीबाचा नातू गुलाम कादिर याच्याविरुद्ध दिल्लीवर गेलेल्या फौजेचे नेतृत्व याच भाईने केले. चार भाऊ गमावलेल्या पुरुषाने ‘भाऊ’ हा शब्द जात-धर्म न पाहता पुन्हा उच्चारला, हे मी थोर स्मरण मानतो.

1794 मध्ये वानवडीस महादजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. गादीवर आले ते दौलतराव, म्हणजे पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू. भावाचा वंश घरानेच सांभाळला होता.

विद्यार्थी मित्रहो, तसबिरीला हार घालणे योग्यच आहे. पण गेलेल्याची मुले कोणी वाढवली आणि त्या आपत्तीत कोण परका धावून आला, हेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती नावे लिहून ठेवा.