मेजर ध्यानचंद यांचा सर्वांत आवडता सामना



नेवाळकरांची झाशी मराठी मनाला परकी नाही. त्या झाशीत आज इलाइट चौराह्यावर ‘दद्दा’ हे नाव उच्चारले, तर ते कोणाचे हे सांगावे लागत नाही. दद्दा हे वडीलधाऱ्यांसाठीचे बुंदेली संबोधन. तेथे ते मेजर ध्यानचंदांचे झाले आहे. सीपरी बाजारच्या टेकडीवर त्यांचा भव्य पुतळा आहे.

ध्यानचंदांचा जन्म 29 ऑगस्ट 1905 रोजी प्रयागचा. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब झाशीत स्थिरावले. लहानपणी या मुलाला ओढ होती ती कुस्तीची! हॉकीची खरी दीक्षा मिळाली ती 1922 साली सैन्यात भरती झाल्यावर, सुभेदार-मेजर तिवारी यांच्याकडून. आठव्या वर्षीच मुलाचा खेळ निश्चित करू पाहणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये 14 गोल, 1932 साली लॉस एंजेलिसला दुसरे सुवर्ण आणि 1936 साली बर्लिनला कर्णधार म्हणून तिसरे. तेथील अंतिम सामन्यात जर्मनीचा 8-1 असा पराभव झाला. 1956 मध्ये पद्मभूषण लाभले, आणि त्यांचा जन्मदिवस आज राष्ट्रीय क्रीडा दिन आहे.

परंतु आपला सर्वोत्तम सामना कोणता, हे सांगताना त्यांनी यांपैकी एकाचेही नाव घेतले नाही. त्यांनी निवडला 1933 चा बेटन चषकाचा अंतिम सामना. एका बाजूला बलाढ्य कलकत्ता कस्टम्स, तेही त्यांच्याच शहरात. दुसऱ्या बाजूला झाशी हिरोज हा आपल्या गावचा संघ. कस्टम्सचा मारा अखंड चालू होता. झाशीचा बचाव कोणत्याही क्षणी कोसळेल, अशी अवस्था. तेवढ्यात मैदानाच्या मध्यावर चेंडू ध्यानचंदांच्या ताब्यात आला. त्यांनी तो इस्माईलकडे लांब धाडला. इस्माईल वाऱ्यासारखा धावत सुटला आणि सामन्यातला एकमेव गोल झाला.

म्हणजे गोल इस्माईलचा! गोलांचा पाऊस पाडणाऱ्या या खेळाडूने आयुष्यातला श्रेष्ठ सामना म्हणून जो जपला, त्यात त्याच्या नावावर एकही गोल नाही. आहे तो योग्य वेळी सहकाऱ्याला दिलेला एक पास. गुणपत्रिकेत पास देणाऱ्याचा रकाना नसतो, हे आपण शाळेतली माणसे पुरेपूर जाणतो. मोठ्या खेळाडूने मात्र तो रकाना स्वतःच आखला, हे विशेष.

उत्तरायुष्यात त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षण दिले. 1975 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुत्र अशोककुमार यांनी पाकिस्तानविरुद्ध केलेला निर्णायक गोलही त्यांच्या हयातीतला. अखेरची वर्षे मात्र ओढगस्तीची गेली. 3 डिसेंबर 1979 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पार्थिव झाशीला आणले गेले आणि अंत्यसंस्कार स्मशानभूमीत नव्हे, तर हिरोज मैदानावर, त्यांच्या पलटणीच्या लष्करी मानवंदनेत झाले.